बाळंतपणाच्या आगेमागे तोंड वाकडं होणं: कारणं कोणती, आणि रात्रीच हलवायचं कुणाला?

जांबोटी_आरोग्य
खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातल्या आशा ताईंसाठी मराठीत एक पानभर माहिती तयार करते आहे. नववा महिना लागलेली किंवा ओली बाळंतीण सकाळी उठते तर तोंड एका बाजूला ओढलेलं, चूळ भरताना पाणी ओघळतं, एक डोळा मिटत नाही. घरात 'वारं लागलं' म्हणून कान बांधतात, कानात तेल सोडतात, नाहीतर लकव्याचं झाडपाल्याचं औषध आणायला निघतात. सिझेरियन असेल तर पाठीतल्या इंजेक्शनवर खापर. खरी कारणं कोणती? कोणत्या बाईला त्याच रात्री बेळगावला न्यायचं आणि कुणाला सकाळपर्यंत थांबता येतं, हे घरी कसं ओळखायचं? आणि गोळ्या बाळाला चालतात का, तेही सांगा की.

मज्जातंतू_डॉक्टर
ताई, पानाच्या अगदी वर एकच गोष्ट ठळक लिहा: आधी कपाळ बघा. बाईला भुवया वर उचलायला सांगा. वाकड्या तोंडाच्या बाजूला कपाळावर आठी पडत नसेल, डोळाही मिटत नसेल, तर बिघाड बहुधा चेहऱ्याच्या नसेत आहे. दोन्ही बाजूंना आठ्या नीट पडतात आणि फक्त तोंडाचा खालचा भाग लुळा, तर मेंदूत काहीतरी झालंय असं धरून चालायचं. कपाळाला मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांतून हुकूम मिळतो, म्हणून एका बाजूच्या मेंदूला मार बसला तरी कपाळ वाचतं.

नसेतला बिघाड असेल तर सगळ्यांत जास्त वेळा बेल्स पाल्सी निघते. ही नस कानामागच्या हाडातल्या बोगद्यातून येते, आणि त्याचा सर्वांत अरुंद भाग एक मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदीचा आहे. अंगात दडून बसलेला नागिणीच्या जातकुळीचा विषाणू, म्हणजे तोंडावर पुरळ आणणारा हर्पीस, पुन्हा जागा होतो आणि नस सुजते, असं आज मानलं जातं. सुजलेल्या नसेला हाडात पसरायला जागा नसते, ती आवळली जाते. शेवटच्या तीन महिन्यांत अंगात पाणी साठतं, प्रतिकारशक्तीचा तोल बदललेला असतो. म्हणूनच या केसेस तिसऱ्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या एकदोन आठवड्यांत दाटीने दिसतात. जुन्या आकडेवारीत लाख बाळंतपणांमागे साधारण 45 केसेस होत्या. त्याच वयाच्या गरोदर नसलेल्या बायकांत वर्षाला लाखामागे 17. नंतरच्या अभ्यासांत हा फरक कमीजास्त आला आहे, पण शेवटच्या तिमाहीतली दाटी खरी आहे. गार वारा हे कारण नव्हे.

बेल्स पाल्सी काही तासांत ते तीन दिवसांत पूर्ण वाढते. आठवड्यांमागून आठवडे हळूहळू वाढत गेलेला लुळेपणा म्हणजे ती नव्हे. तिथे गालाच्या लाळग्रंथीतली किंवा कानामागची गाठ शोधावी लागते. कानात किंवा कानाच्या पाळीवर फोड आणि जबर ठणका असेल तर कानाची नागीण, तिला विषाणूविरोधी औषध लागतंच. कान वाहत असेल तर कानाचा डॉक्टर आधी. चेहरा दोन्ही बाजूंनी लुळा पडला आणि पायांतली ताकद जाऊ लागली तर गियाँ-बारे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार. श्वासाचे स्नायू कधी दमतील सांगता येत नाही, तिला त्याच तासाला हलवा.

आपल्या भागात एक कारण हमखास विसरलं जातं ते कुष्ठरोग. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत प्रतिकारशक्ती पुन्हा उसळते आणि जुना चट्टा एकाएकी लाल होऊन सुजतो, त्याखालची नस जाते. गालावर किंवा डोळ्याजवळ फिकट, बधिर चट्टा आहे का, हे कापसाच्या बोळ्याने तपासायला एक मिनिट लागतं.

त्याच रात्री हलवायच्या बायका अशा, यांतलं एक जरी असलं तरी: कपाळ शाबूत आणि तोंड वाकडं, हात किंवा पाय जड, बोलणं अडखळणं, एकाची दोन दिसणं, तोल जाणं, झटका येणं, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखणं. 108 लावा आणि फोनवरच 'बाळंतीण आहे, मेंदूचा स्कॅन लागेल' असं सांगा, म्हणजे स्कॅन नसलेल्या दवाखान्यात अर्धी रात्र जात नाही. निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं. सीमेचा विचार न करता जवळचं मोठं रुग्णालय गाठावं.

प्रसूती_विभाग
कपाळानंतर लगेच बीपी. गरोदरपणात बेल्स पाल्सी झालेल्या बायकांत रक्तदाबाचा विकार नेहमीपेक्षा जास्त आढळतो, आणि कधीकधी चेहरा आधी वाकडा होतो, बीपी नंतर चढतो. म्हणून 'नसच आहे' म्हणून निर्धास्त राहू नका. 140/90 किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी लघवीतलं प्रथिन आणि रक्त तपासणी. 160/110 म्हणजे तातडी. पहिलं मोजमाप ठीक आलं तरी पुढचे काही दिवस पुन्हा बघा आणि तायी कार्डावर (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं नोंदीचं कार्ड) लिहा. बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत बीपी उसळू शकतो, हे घरच्यांना माहीत नसतं.

गोळ्यांबद्दल. डॉक्टर सहसा प्रेडनिसोलोन देतात: रोज 60 मिग्रॅ 5 दिवस, मग रोज 10 मिग्रॅने कमी, किंवा रोज 50 मिग्रॅ 10 दिवस. पहिल्या 72 तासांत सुरू झालं तर उपयोग, म्हणून 'आठवडाभर बघू' हा सल्ला घातक. वार या औषधाचा बहुतांश भाग निकामी करते, बाळापर्यंत सुमारे दहावा हिस्सा पोचतो. पहिल्या तीन महिन्यांत मात्र डॉक्टर तोलूनमापूनच देतील. या गोळ्या साखर आणि बीपी दोन्ही वाढवतात, तेव्हा सुरू करण्याआधी साखर बघायचीच, आणि गोळ्या चालू आहेत तोवर डिंकाचे लाडू नि गोड खीर बाजूला. अंगावरचं दूध बंद करायची गरज नाही. नुसतं विषाणूविरोधी औषध बेल्स पाल्सीत कामाचं नाही. लुळेपणा पूर्ण असेल तर काही डॉक्टर जोडीला देतात. यांतलं कुठलंही औषध स्वतःहून दुकानातून आणायचं नाही, तेही पानावर लिहा.

डोळा_आणि_फिजिओ
नस बहुतेकींची परत येते, पण तोवर बुबुळावर जखम होऊन फूल पडलं तर ते कायमचं. दिवसा दर एक-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम. झोपताना बोटाच्या पाठीने वरची पापणी पूर्ण मिटवायची आणि मगच कागदी चिकटपट्टी आडवी लावायची. उघड्या डोळ्यावर कापसाची घडी ठेवून वर पट्टी मारतात, तिथेच चूक होते: घडीखाली पापणी उघडते आणि कापूस बुबुळावर घासतो. काजळ, एरंडेल, दूध डोळ्यात नको. बाजेखाली शेगडी आणि ओवा-शेपाची धुरी हे तर या डोळ्याचे शत्रूच. शेक घ्यायचाच तर धूर नसलेला, तोंडापासून लांब. डोळा लाल, दुखरा किंवा अंधुक झाला की त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

व्यायाम आरशासमोर, हळू, 5 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. फुगे फुगवणं, जोरजोरात च्युइंगगम चघळणं याने चुकीच्या स्नायूंना सवय लागते आणि पुढे हसताना डोळा मिटू लागतो. विजेच्या शेकाने नस लवकर बरी होते असा भक्कम पुरावा नाही. त्यावर पैसे घालवू नका.

जांबोटी_आरोग्य
पाठीतल्या इंजेक्शनचं राहिलं. आणि बाळंतिणीला पाणी कमी देतात, त्याचा काही संबंध आहे का?

मज्जातंतू_डॉक्टर
पाण्याचा आहे, आणि मोठा आहे. बाळंतपणानंतर रक्त आधीच लवकर गोठतं. त्यात पाणी तोडलं, जुलाब-उलट्या झाल्या, ताप आला, की मेंदूतल्या शिरेत गुठळी होते. दिवसागणिक वाढणारी डोकेदुखी, उलट्या, मग झटका किंवा एक बाजू लुळी, असा तिचा क्रम. पहिले दोन-तीन आठवडे जास्त धोक्याचे. तहान लागेल तितकं उकळून गार केलेलं पाणी द्यायचं. पोट सुटेल, दूध पातळ होईल या भीतीला आधार नाही.

पाठीतल्या इंजेक्शनमुळे चेहऱ्याची नस जाणं फारच विरळ. त्याचा नेहमीचा त्रास म्हणजे बसलं-उठलं की डोकं दुखणं आणि आडवं झालं की थांबणं. पण डोकेदुखीचा हा ढंग बदलला, झोपूनही दुखू लागलं, तर 'इंजेक्शनचंच आहे' म्हणून सोडू नका, शिरेतली गुठळी तपासा.

बेल्स पाल्सीत दोन-तीन आठवड्यांत हालचाल दिसू लागते, बहुतेकींचा चेहरा तीन-चार महिन्यांत सुधारतो. पूर्ण लुळेपणा असलेल्या गरोदर बायकांत मात्र कसर राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. चार महिन्यांत काहीच हललं नाही तर निदान पुन्हा तपासायचं, एमआरआयसह.

नवजात_कक्ष
बाळाचंही पानात घाला. रडताना तोंड एका बाजूला ओढलं जातं, दुसरी बाजू सपाट, डोळा मिटत नाही: बाळंतपणात चिमट्याचा (फोर्सेप्स) किंवा आईच्या कंबरेखालच्या त्रिकास्थी हाडाच्या उंचवट्याचा नसेवर दाब आलेला असतो. वजनदार बाळं, लांबलेल्या कळा यांत जास्त. दहापैकी सुमारे नऊ बाळं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप बरी होतात, फक्त डोळा ओला ठेवायचा. रडताना फक्त खालच्या ओठाचा कोपरा खाली येत नसेल आणि डोळा, कपाळ, गालाची घडी सगळं ठीक असेल, तर तो नसेचा मार नव्हे, तिथला एक छोटा स्नायू जन्मतःच कमी असतो. अशा बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्या, कारण काहींच्या हृदयात दोष सापडतो. कान वेडावाकडा असेल किंवा दोन्ही बाजू लुळ्या असतील तर तेही जन्मजात समजून बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा. अंगावर प्यायला त्रास होत असेल तर लुळ्या बाजूचा गाल बोटाने हलका आधार देऊन पाजा आणि रोज वजन बघा.