मदत हवी आहे: आईच्या मानेसाठी अक्युपंक्चर करावं का?

निपाणीचा_पोरगा
नमस्कार मंडळी. आई ६२ वर्षांची. चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, मान खाली, हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत उठायचं नाव नाही. आता मान आणि उजवा खांदा असा धरलाय की रात्री कूस बदलताना कण्हते. एक्स-रेत मणक्यांची झीज दिसली. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीवर ताण, त्यामुळे दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्यात. स्टेंट आहे, त्यामुळे रक्त पातळ करायची गोळी मात्र चालूच.

परवा अक्युपंक्चरच्या, म्हणजे सुया टोचून उपचार करणाऱ्या एका शिबिरात नेलं. तिथल्या माणसानं नाडी बघितली आणि म्हणाला, दहा वेळा या, पैसे आधी भरा, बाकीच्या गोळ्या सोडल्या तरी चालतंय. आईला घेऊन सरळ बाहेर आलो. पण सुयांचा विषय डोक्यातून जाईना. खूप दुखतं का ओ? किती दिवसांत फरक कळतो? रक्त पातळ असताना चालतं का? इंजेक्शन बघितलं तरी आई तोंड फिरवते.

वडगावची_आक्का
बरं केलंस बाहेर आलास ते. मी मागावर बसून बसून गेलेल्या कंबरेसाठी आठ वेळा घेतलं. इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव आणि पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची. टोचताना मुंगी चावल्यागत होतं. मग आत जडपणा येतो, कधी झिणझिण्या. तो जडपणा त्यांना हवाच असतो, घाबरायचं नाही. कंबर माझी, पण सुया पायात आणि हातातसुद्धा. वीसेक मिनिटं पडून राहायचं. मला तर झोप लागली. उपाशीपोटी मात्र नेऊ नकोस, पहिल्या दिवशी मला घेरी आली होती. नंतर टोचल्या जागी निळा डाग पडला, एक दिवस उलट जास्तच ठणकलं. पाचव्या वेळेला वाकून घागर उचलली. पुरती बरी झाले म्हणणार नाही.

खानापूर_घाट
आक्कांना गुण आला, आनंद आहे. पण खोट्या सुया टोचूनही बऱ्याच जणांना आराम पडतो, खऱ्या आणि खोट्यातला फरक चाचण्यांत थोडाच निघतो. इंग्लंडच्या नाइस या संस्थेनं २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी हे देऊ नका म्हटलं, आणि २०२१ मध्ये काही प्रकारच्या जुनाट वेदनांसाठी एक कोर्स करून बघायला हरकत नाही म्हटलं. म्हणजे दुखणं थोडं हलकं होईल, झिजलेला मणका भरून येणार नाही. चार-सहा वेळा करून काहीच फरक नसेल तर थांबायचं. दहाचे पैसे आधी कशाला?

रक्त पातळ असेल तर बंदी नाही, पण आधी सांगायलाच हवं. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी एक दिवसही चुकवायची नाही. सुया एकदाच वापरायच्या, पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. खांद्याजवळ, बरगड्यांवर सुई खोल गेली तर फुफ्फुसाला भोक पडू शकतं. क्वचित होतं, पण म्हणूनच शिकलेला हात बघा. कोल्हापूरला जाणार असाल तर नोंदणी विचारा. महाराष्ट्रात अक्युपंक्चरचा २०१५ चा कायदा आहे.

आणि हाताची पकड कमी झाली का, चालताना तोल जातो का? तसं असेल तर आधी मणक्याचे डॉक्टर, सुया राहू देत.

निपाणीचा_पोरगा
पकड बरी आहे, कालच भाकऱ्या थापल्या. बोटांना मुंग्या येतात अधूनमधून, ते आधी दाखवतो. शिबिरवाला सांगत होता, हे सगळं आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी चीनमधून आणलं. ते तर १९४२ मध्ये तिकडेच वारले ना?

खानापूर_घाट
हो. त्यांच्यासोबत चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले डॉ. बी. के. बसू पुढे चीनमध्ये शिकून आले आणि कोलकात्यात सुरू केलं. नाव मात्र कोटणीसांचं खपतं.

निपाणीचा_पोरगा
आई शेजारी बसून ऐकतेय. विचारते, सुया टोचलेल्या असताना खोकला आला तर?

वडगावची_आक्का
हाक मारायची, येऊन काढतात. मला आला होता. म्हणून विचारून घे, सुया लावून माणूस तिथंच थांबतो की चहाला जातो.