साधं पण नीटनेटकं: कपडे निवडतानाच्या फजित्या सांगा

माळ्यावरचा
बोहारीण येणार म्हणून कपाट उपसलं, तर तळाशी तो आकाशी शर्ट निघाला. २००९, हिंजवडीतली पहिली नोकरी. शुक्रवारी टीमचं जेवण आणि मेलमध्ये लिहिलेलं 'स्मार्ट कॅजुअल'. बाबा झेडपीत क्लार्क. त्यांना विचारलं तर म्हणाले, "कॅजुअल म्हणजे किरकोळ रजा." मग आम्ही दोघांनी डोकं लावून ठरवलं: चुलतभावाच्या लग्नात शिवलेला कोट, आत हा शर्ट, खाली जीन्स, स्पोर्ट्स शूज, पांढरे मोजे. बाकी सगळे साध्या कॉलरच्या टीशर्टात. घाम पुसायला खिशातून रुमाल काढला आणि सुपात अक्षता पडल्या. मॅनेजर म्हणाला, "कुणाचं उरकून आलास?"
तुमचेही किस्से येऊ द्या.

कुंदा_ठाणे
अक्षता!!! हसून हसून पोळी करपली. आमच्या ह्यांच्या कोटात बडीशेपेची पुडी असते, दर लग्नाची वेगळी.

फणसपोळी
मी शिंप्याची मुलगी. शर्ट घेताना आधी खांद्याची शिवण बघा, हाडावर बसली पाहिजे. लांबी, कंबर, बाही सगळं नंतर मारून मिळतं. खांदा उतरला तर अख्खा शर्ट उसवावा लागतो. आणि खालचा घेर गोल, मागेपुढे लांब असेल तर तो खोचायचा शर्ट. बाबा गिऱ्हाइकाला सांगायचे, शेपूट असेल तर आत, नसेल तर बाहेर.

लोकलकर
शेपूट +१. तीस वर्षं बाहेर सोडून हिंडतोय.
लिननच्या नादी लागू नका. डोंबिवलीला कडक इस्त्री करून चढलो, दादरला बोळा होऊन उतरलो. त्या कापडाला ताण म्हणून नाहीच, एकदा मोडलं की मोडलं. आता एक मिक्स कॉटनचा शर्ट ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच असतो.

सई०७
आणि कॉटन आटतं त्याचं काय! लक्ष्मी रोडवरून इतका सुंदर इंडिगो कुर्ता आणला, एका धुण्यात भाचीला झाला. सोबतचा ह्यांचा बनियन निळा. आता कापड आधी रात्रभर भिजवते, मगच शिवायला टाकते.

कुंदा_ठाणे
सई, मीठ घातलंस का पाण्यात?

सई०७
घातलं गं ताई. बनियन तरी निळाच.

रंकाळ्यावरून
जीन्स, पांढरा कुर्ता, कोल्हापुरी. यापलीकडं काय लागत नाही. पण नवी करकर वाजणारी घालून लायब्ररीत गेलो, सगळ्यांनी माना वर केल्या. तेल लावून चार दिवस घरात फिरवायची आधी. २०१९ ला जीआय, म्हणजे मूळ गावाच्या ओळखीचा सरकारी शिक्का, मिळालाय आपल्या चपलेला.

लोकलकर
करकरीला पण मिळालाय का?

रंकाळ्यावरून
पावसात घाला, आपोआप गप्प बसते. कायमची.

उत्तरा_न
विषय थोडा वेगळा. आमच्याकडे इस्त्री नव्हती, वडील पँट घडी घालून गादीखाली ठेवायचे. दोनच पँटी, पण धार अशी की लोक विचारायचे कुठल्या लाँड्रीत देता. ते गेल्यावर तेराव्यानंतर गादी उन्हात टाकायला उचलली. खाली राखाडी पँट होती, वर वर्तमानपत्र.

फणसपोळी
उत्तराताई…

कुंदा_ठाणे
माझे सासरे पितळी तांब्यात निखारे घालून फिरवायचे सदऱ्यावर. काय माणसं होती.

सई०७
माळ्यावरचे, बोहारणीने काय दिलं शेवटी? आमच्याकडची तीन साड्यांवर चहाची गाळणी देते.

माळ्यावरचा
चार पँटी, सहा शर्टांवर एक पातेलं. झाकणासाठी आकाशी शर्ट मागत होती, मी कोट दिला. खिसे झटकून.