‘द एज्युकेटर्स’चा शेवट: हार्डेनबर्गनं शब्द मोडला की पाळला?

राळेगावचा पोरगा
काल वाचनालयात चादर टांगून हा जर्मन सिनेमा (२००४, दिग्दर्शक हान्स वाइनगार्टनर) पाहिला आणि पारावर बारापर्यंत भांडलो. गोष्ट थोडक्यात अशी. बर्लिनमधली दोन पोरं श्रीमंतांच्या बंगल्यात घुसतात, चोरत काहीच नाहीत, सामान उलटंपालटं करून चिठ्ठी ठेवतात: ‘सुगीचे दिवस संपले.’ त्यांच्या यूले नावाच्या मैत्रिणीवर ९४,५०० युरोंचं देणं आहे, कारण विम्याचा हप्ता थकला असताना तिची गाडी हार्डेनबर्ग नावाच्या श्रीमंत माणसाच्या मर्सिडीजवर आदळली. यूले त्या दोघांतल्या एकासोबत त्याच्याच घरात सापडते, मग तिघं त्यालाच उचलून डोंगरात नेतात. तिथं कळतं, हा साठच्या दशकात स्वतः विद्यार्थी चळवळीत होता. सुटल्यावर तो देणं माफ केल्याचं पत्र देतो आणि पोलिसांत जाणार नाही असा शब्दही. पुढं पोलीस पोरांच्या घराचं दार फोडतात, तर खोली रिकामी आणि भिंतीवर चिठ्ठी: ‘काही माणसं कधीच बदलत नाहीत.’

माझं मत, शब्द त्यानंच मोडला. पत्र हातात आलं म्हणजे देणं फिटलं, असं आपल्याकडं तरी कोण मानतं? २०१७ च्या कर्जमाफीचं प्रमाणपत्र बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. बँकेत गेलो तर खात्यावर बाकी तशीच. पोरं पत्रावर विसंबली नाहीत, म्हणून वाचली.

आर्वीची मास्तरीण
तू अर्धाच शेवट पाहिलास. मूळ जर्मन आवृत्तीत तिघं हार्डेनबर्गच्याच बोटीवर समुद्रात निघालेली दिसतात, टीव्हीचे मनोरे बंद पाडायला. परदेशी आवृत्तीतून तो भाग कापला. बोट त्याची आहे! मला वाटतं, खोली रिकामी आहे हे ठाऊक असूनच त्यानं पोलीस तिथं धाडले. बाहेरून सूट-बूट, आतून तो जुनाच पोरगा. म्हणजे चिठ्ठी शिवी नाही, शाबासकी आहे.

वर्धा काठ
मले नाही पटत मॅडम. बोट चोरलीबी असंन. घरात घुसनाऱ्याले बोट काय जड हाय? अन् त्याले वाचवाचंच होतं त पोलिसाईले बोलवाचंच काऊन? गप बसला असता.

आर्वीची मास्तरीण
गप बसला असता तर बायको, कंपनी, शेजारी सगळ्यांनी विचारलं असतं, इतके दिवस कुठं होतास. पोलीस हे त्याचं उत्तर होतं.

राळेगावचा पोरगा
बोटीचं मला खरंच माहीत नव्हतं. त्यानं माझा मुद्दा थोडा हलतो, हे मान्य. पण तुमचंच धरलं तरी बघा: बोट, पत्र, सुटका, सगळं देणारा तोच. २००८ मध्ये पूर्ण माफीला पाच एकरांची हद्द होती. आमची सात एकर कोरडवाहू, बसलो नाही. हद्द ठरवताना आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. यूलेलाही कोणी विचारलं नाही.

वर्धा काठ
हे मात्र बरोबर बोल्ला. पन मंग थे चिठ्ठी पोरायनं सोताबद्दलबी लिहिली असंन ना? थेबी त बदलले नाहीत, निंगालेच मनोरे पाडाले. पुढच्या शनिवारी बोटीवाली आवृत्ती लावा, मी प्रोजेक्टर आनतो.