इंदूर : वर्गात फ्लूची साथ आहे, मुलीला शाळेत पाठवावे का?

रामबागेतील पालक :
माझी मुलगी दुसरीत आहे. तिच्या वर्गातील बरीच मुले ताप-खोकल्यामुळे गैरहजर असून काहींना फ्लू असल्याचे तपासणीत आढळले आहे. पूर्ण उपस्थितीचे प्रमाणपत्र हुकू नये म्हणून काही पालक तापाचे औषध पाजून मुलांना शाळेत पाठवतात. मुलगी ठणठणीत असताना तिला घरी ठेवावे का? आणि आता लस टोचून उपयोग होईल का?

एक बालरोगतज्ज्ञ :
ताई, ठणठणीत मुलीला घरी बसवण्याचे कारण नाही. आजारी मुले घरी राहायला हवीत. संसर्गानंतर एक ते चार दिवसांत लक्षणे दिसतात, परंतु त्याच्या एक दिवस आधीपासूनच रुग्णाकडून विषाणू पसरू लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस, लहान मुलांत कधी त्याहूनही अधिक काळ, पसरत राहतो. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, संसर्ग थांबत नाही. म्हणून औषधाशिवाय २४ तास ताप आला नाही, तरच मुलाला शाळेत पाठवावे.

लस सहा महिन्यांपुढील मुलांना देता येते. नऊ वर्षांखालील मुलाला प्रथमच देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात आणि संरक्षण तयार होण्यास त्यानंतर सुमारे दोन आठवडे जातात. या आठवड्यात तिचा फायदा मिळणार नाही; तरी आपल्याकडे फ्लू पावसाळ्यातही डोके वर काढतो, त्यामुळे ती वाया जात नाही. मुलांना ॲस्पिरिन मात्र कधीही देऊ नये. धाप लागणे, ओठ निळसर होणे, पाणी न पिणे, सतत गुंगीत असणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे यांपैकी काहीही दिसल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

स्नेहलतागंजातील आजोबा :
आमच्याकडे तुळस-आल्याचा काढा पुरेसा ठरत आला आहे.

एक बालरोगतज्ज्ञ :
घशाला आराम पडतो, जरूर द्या. विषाणू त्याने मरत नाही, आणि अनेक जण मागून घेतात त्या अँटिबायोटिकनेही नाही.

निवृत्त शिक्षिका :
शाळांमध्ये हात धुण्याचे फलक झळकतात, पण नळाजवळ साबण नसतो. आम्ही वडी जाळीच्या पिशवीत घालून नळालाच बांधत असू. ती हरवत नसे आणि चिखलात पडतही नसे. थंडीमुळे वर्गाच्या आणि व्हॅनच्या खिडक्या घट्ट बंद ठेवतात. मुलांना स्वेटर घालून त्या थोड्या तरी उघड्या ठेवाव्यात.

रामबागेतील पालक :
आभारी आहे. व्हॅनचालकाशी बोलते आणि प्रमाणपत्र यंदा स्थगित करावे, असा अर्ज पालकांच्या सह्यांनिशी देते. त्यात सुट्टीचीही मागणी करावी का?

निवृत्त शिक्षिका :
करू नये. दोन्ही मागण्या एकत्र केल्यास शाळा परीक्षेचे कारण सांगून सुट्टी नाकारेल आणि प्रमाणपत्राचा विषय तसाच बाजूला पडेल.