मोरोक्कोहून आलेल्या पुड्या: चेहऱ्याला काय लावू, काय नको?

केतकी_ठाणे: नणंदबाई मराकेशला जाऊन आल्या. तिथल्या रहबा कदीमा चौकातून माझ्यासाठी पुड्या आणल्यात, पण नाव एकीवरही नाही. त्यांना आठवतं त्याप्रमाणे गुलाबपूड, घासूल, मेंदी, ‘नीला’ नावाची गडद निळी पूड, केसांसाठी ‘ताकाउत’ आणि मातीच्या वाटीला आतून लावलेला लाल रंग, अकर फासी. माझी त्वचा नाजूक आहे, जरा काही लावलं की गालावर पुरळ येतं. उटण्यासारखं काय वापरू?

शेवंती: घासूल बिनधास्त वापर. ती वनस्पती नाही, मुलुया नदीच्या खोऱ्यातली माती आहे. हमाममध्ये, म्हणजे तिकडच्या सार्वजनिक न्हाणीघरात, आधी काळा साबण, मग ‘केसा’ हातमोज्याने अंग घासणं आणि शेवटी घासूल, असा क्रम असतो. खडे असतील तर कोमट पाण्यात टाकून ठेव, ढवळू नकोस, आपोआप विरघळून मऊ चिखल होतो. त्यात थोडं गुलाबपाणी घाल. पाच मिनिटांत धू, कडक वाळू देऊ नकोस, नाहीतर कातडी ओढल्यासारखी होते.

वाळा: गुलाब चांगला असेल तर दादेस नदीकाठच्या केला मगूना गावाकडचा असेल. तिथे शेतांच्या कुंपणाला गुलाब लावतात आणि एप्रिल-मेमध्ये पहाटे हाताने खुडतात. चिमूटभर पूड पाण्यात टाकून बघ. फिकट तपकिरी-गुलाबी पाणी ठीक. भडक गुलाबी रंग सुटला तर तो बाहेरून मिसळलेला आहे, मग टाकून दे.

माधवी_त्वचारोग: केतकी, ताकाउतची पुडी अजिबात उघडू नका. खरी ‘बेल्दिया’ ताकाउत म्हणजे झाऊच्या झाडावरच्या गाठी. पण ‘रूमिया’ ताकाउत या नावाने विकतात ते पीपीडी, म्हणजे केस काळे करायच्या रंगातलं रसायन. मोरोक्कोत त्यातून विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत: चेहरा-घसा सुजणं, स्नायू झडणं, मूत्रपिंड निकामी होणं. पुडीवर नाव नसताना दोन्हीतला फरक घरी कळणार नाही. मराकेशच्या जमा अल-फना चौकात पर्यटकांच्या हातावर काढतात त्या ‘काळ्या मेंदी’तही बहुधा हेच असतं, आणि त्याचे फोड मी पाहिलेत. मेंदी लालसर-तपकिरीच रंगते. काळी रंगली की समजा काहीतरी घातलंय.

नीलासुद्धा चेहऱ्याला नको. सहारातल्या लोकांच्या कपड्यांतला अस्सल निळा रंग नीळवनस्पतीचा होता. आज बाजारात स्वस्तात मिळते ती पूड बऱ्याचदा कृत्रिम रंग असते.

केतकी_ठाणे: धन्यवाद ताई! आणि अकर? वाटी इतकी सुरेख आहे.

शेवंती: मोरोक्कोतल्या फेस शहराची जुनी चीज. खसखशीच्या जातीतल्या रानटी लाल फुलांच्या पाकळ्या आणि डाळिंबाची साल यांपासून करतात. ओलं बोट वाटीत फिरवून ओठ-गाल रंगवतात. खात्रीच्या माणसाकडून मिळाली तर मीही लावते.

माधवी_त्वचारोग: पण ही कुणाकडची, ते माहीत नाही. लाल रंग कृत्रिमही असू शकतो आणि ओठांवरचं पोटात जातं. शोभेला ठेवा.

घासूल आणि गुलाब आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. पुरळ असेल त्या दिवशी काहीच नको. कालवलेलं उरलं तर फेका, ओल्या पुडीत जंतू भराभर वाढतात.

केतकी_ठाणे: सुरम्याची डबीही आहे. लेक चार वर्षांची, तिच्या डोळ्यांत घालू का?

माधवी_त्वचारोग: नाही. कोहल, म्हणजे तिकडचा सुरमा, बऱ्याचदा शिशाच्या खनिजाचा असतो आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं घातक. डबी मुलीच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. याआधी घातला असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा, रक्तातलं शिसं तपासता येतं.