मदत हवी आहे: छोट्या जिल्हा परिषद प्रशालेचा दहावीचा निकाल गावासमोर कसा मांडावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या जिल्हा परिषद प्रशालेबद्दल सल्ला हवाय. गाव बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातलं, नाव मुद्दाम देत नाही. शाळा पाचवी ते दहावी, दहावीच्या वर्गात वीसेक मुलं. मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून आहे. माझी मुलगी सध्या आठवीत शिकते.

गेल्या वर्षी दहावीचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हा वेशीवर बॅनर लागला होता. यंदा तीन मुलं गणितात अडकली, निकाल पंच्याऐंशीवर आला आणि लगेच ‘शाळा बसली’ अशी बोलणी सुरू झाली. काही घरांनी तालुक्याच्या सेमी-इंग्रजी शाळेत घालायचं म्हणून दाखले मागितलेत. गणित-विज्ञानाचं पद आधीच रिकामं आहे. पट आणखी घसरला तर संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) आहेत ती पदंही कमी होतील, मग शाळा खरोखरच बसेल. ज्यांना तालुक्याचं भाडं परवडत नाही ती मुलं कुठे जायची?

वीस जणांच्या वर्गात एक मूल म्हणजे 5 टक्के. तालुक्याच्या शाळेत दीडशे मुलं बसली आणि तीन नापास झाली, तर तिचा निकाल 98 राहतो. हे मी समितीत सांगितलं, लोकांनी माना डोलावल्या, पण पटलं असं वाटलं नाही.

मला जास्त बोचते ती दुसरीच गोष्ट. आमच्या अर्ध्याहून जास्त मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीला गाव रिकामं होतं, ते कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप संपल्यावरच भरतं. दहावीची परीक्षा नेमकी या हंगामात येते. शंभर टक्केवाली बॅच आठवीत असताना वर्ग बराच मोठा होता. काही मुलांनी नववीतच कोयता धरला, दोन मुलींची लग्नं लावून दिली. बोर्ड परीक्षेला बसलेल्यांतून टक्केवारी काढतं, गळालेली मुलं त्या हिशोबात येतच नाहीत. यंदा सरांनी घरोघरी जाऊन मुलं थांबवली, फॉर्म भरून घेतले. अडकलेल्या तिघांतला एक फेब्रुवारीत थेट उसाच्या फडावरून आला. हाताला घट्टे पडलेले. मराठीत 71 मिळवले, गणितात 24 वर थांबला. माझ्या मते हा मुलगा परीक्षेला बसला हेच शाळेचं यश आहे, पण निकालाच्या कागदावर त्याच्यामुळे शाळा खाली आलेली दिसते.

तर ग्रामसभेत हे आकड्यांनिशी कसं मांडायचं? आणि नववी-दहावीची मुलं हंगामात गावात ठेवायला कोणी काही केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. आमच्याकडचं हंगामी वसतिगृह आठवीपर्यंतच, खिचडीही आठवीपर्यंतच. शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांवर संपतो. मुलांना ओढ लागते ती बरोबर त्यानंतर.

प्रतिसाद १

मी माध्यमिकला मुख्याध्यापक होतो, आता निवृत्त आहे. टक्केवारी बाजूला ठेवा आणि शाळेचं दाखलखारीज, म्हणजे जनरल रजिस्टर काढा. तीन वर्षांपूर्वी आठवीत नाव असलेलं प्रत्येक मूल एका कागदावर घ्या. पुढे रकाने आखा: नववीत आलं का, दहावीचा फॉर्म भरला का, मार्चमध्ये पास झालं का, पुरवणी परीक्षेत सुटलं का, दाखला नेला असेल तर पुढच्या शाळेत खरंच दाखल झालं का. शेवटचा रकाना भरायला फोन करावे लागतात, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा. गेल्या वर्षीची आणि यंदाची बॅच अशा दोन कागदांवर शेजारी लावा. ग्रामसभेत मात्र नावं न घेता फक्त संख्या सांगा, विशेषतः मुलींच्या बाबतीत.

दुसरं, पास-नापास सोडून गुण बघा. 75 च्या वर किती, 60 च्या वर किती, 35 ते 45 मध्ये किती. गणितात अंतर्गत 20 गुण शाळेच्या हातात असतात, म्हणून लेखी 80 पैकी किती पडले ते वेगळं काढा. तिथे बहुतेक मुलं काठावर असतील तर तुमच्या गावकऱ्यांच्या तक्रारीत तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. गणिताचं पद रिकामं असल्याचा परिणाम लपवू नका. तोच कागद घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडे पद मागायला जा.

आणि त्या तिघांना आधी गाठा. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, हे गावाकडे अजून कित्येकांना माहीत नसतं. नापास झाला म्हणून घरच्यांनी त्याच्या नावावर उचल (ऊसतोडीची आगाऊ रक्कम) घेतली की विषय संपला.

प्रतिसाद २

सरांचं उचलीबद्दलचं वाक्य मनावर घ्या. मी शेजारच्या जिल्ह्यात शिकवते, आमचाही ऊसतोडीचाच पट्टा. आम्ही पूर्वी दिवाळीत पालकांना समजवायला जायचो. तोवर मुकादमाकडून, म्हणजे मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराकडून पैसे घेऊन खर्चूनही झालेले असतात, मुलाला ‘अर्धा कोयता’ (जोडी म्हणजे एक कोयता, एकटा मजूर म्हणजे अर्धा) धरलेलं असतं. आईबापाला मागे फिरताच येत नाही. आता पालकभेटी आषाढ-श्रावणातच उरकतो.

मुलींचं गणित वेगळं. पंधरा वर्षांची मुलगी ऊस तोडायला कमी आणि कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीवर) स्वयंपाक करायला, धाकट्याला सांभाळायला जास्त नेली जाते. म्हणून आधी धाकट्याची सोय बघा. तो हंगामी वसतिगृहात राहिला आणि घरी आजी असली की मोठी मुलगी थांबते. आमच्याकडे दोन-तीन घरांत एवढ्यावरच काम झालं. आजी नसेल तर संत भगवानबाबा वसतिगृह योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीच ती आहे, 41 तालुक्यांसाठी 82 वसतिगृहं मंजूर आहेत, तुमचा तालुका त्यात आहे का आणि जागा आहे का ते विचारा. लग्नाची कुणकुण लागली तर 1098 ला फोन करायला कचरू नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण 40 टक्क्यांच्या वर होतं.

तुमची मुलगी आठवीत आहे म्हणून सांगते, सगळ्या वर्गाला एनएमएमएस या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. शासकीय, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या मुलांनाच ती मिळते. दाखला काढून विनाअनुदानितला नेणाऱ्या पालकांना हे आधी सांगा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रजिस्टर मुख्याध्यापकांकडे मागितलंय, त्यांची ना नाही. ताई, पालकभेटींना तुम्ही शिक्षकच जाता की गावातलं कोणी बरोबर नेता? आमच्याकडे मुकादम गावातलेच आहेत, एक तर समितीतही आहे. त्याला आधीच विश्वासात घ्यावं असं मला वाटतं, कारण कोणत्या घराने किती उचल घेतली हे त्याला आमच्याआधी कळतं. असं कोणी करून पाहिलंय का?

प्रतिसाद २

हो, आम्ही अंगणवाडी ताईंना बरोबर नेतो, त्यांना घरात आतपर्यंत प्रवेश असतो. मुकादमाला जरूर घ्या, पण भेटीला बरोबर नेऊ नका. त्याच्यासमोर आई तोंड उघडत नाही. त्याच्याशी वेगळं बोला आणि एवढंच मागा: दहावीतल्या मुलाच्या नावावर उचल द्यायची नाही. आमच्याकडच्या दोघांनी हे मान्य केलं, एकाने नाही.