बाळंतिणीसाठी काय नेऊ? (बाळासाठी नाही, तिच्यासाठी)

थोरली_डोंबिवली:
माझी धाकटी बहीण मालाडला असते. गेल्या मंगळवारी तिला मुलगी झाली. सिझेरियन झालं, दोघी सुखरूप आहेत, परवाच घरी आल्या. आमची आई तीन वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे तिचं माहेर म्हणजे मीच. पण मी डोंबिवलीला, नोकरी आहे, रजा चारच उरल्यात. तिच्या सासूबाई मायेने करतात, पण त्यांचे गुडघे फार दुखतात.

काल गेले तर पलंगावर झबली-टोपड्यांचा ढीग, सहा दुपटी, तीन खुळखुळे. तिच्यासाठी कुणी काहीच आणलेलं नाही. ती कुशीवर पडलेली, नायलॉनचा गाऊन घामाने पाठीला चिकटलेला. काय हवंय विचारलं तर म्हणाली, "काही नको गं ताई, तू बस." मग थोड्या वेळाने, "एक कप चहा गरम असताना शेवटपर्यंत प्यायचाय." सकाळपासून तिचा तीनदा चहा निवला होता.

शनिवारी परत जाते आहे. तीन हजारांपर्यंत खर्च करू शकते. काय नेऊ?

कुर्ल्याची_काकू:
आधी चहाचं बघ. अर्ध्या लिटरचा स्टीलचा थर्मास घे, पण दुकानात उभं राहून त्याचं झाकण एका हाताने उघडून बघ. दुसऱ्या हातात बाळ असणार. बाकी काही नाही नेलंस तरी हा ने.

मग दोन सुती गाऊन, पुढून बटणं किंवा चेन असलेले. हिंदमाताला मऊ कापडाचे मिळतील. आतले कपडे उंच कमरेचे घे, नेहमीच्यांचं इलॅस्टिक नेमकं टाक्यांवर बसतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आठ दिवस सोसलं. आणि एक छोटी घट्ट उशी. खोकला आला, शिंक आली, उठायचं झालं की पोटावर दाबून धरायची. रिक्षातून डॉक्टरकडे जाताना खड्ड्यांत तर हवीच.

गिरगाव_चाळ:
अळिवाचे लाडू तूच कर, विकत नको घेऊस. आईच्या हातचे नाहीत, पण बहिणीच्या हातचे तरी मिळू देत तिला. पाव वाटी अळीव नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजव, फुगून बुळबुळीत होतील. त्यात दोन वाट्या खवलेला नारळ आणि सव्वा वाटी चिरलेला गूळ घालून मंद आचेवर ढवळत राहा. कडा सुटून गोळा व्हायला लागला की जायफळ किसून घाल आणि कोमट असतानाच वळ. लाडू लहान वळ, दोन घासांचे. ओलं खोबरं आहे, फ्रिजमध्येच ठेवायला सांग.

डिंकाचे करायला तुला वेळ होणार नाही. ते दादरला रानडे रोडवर घे. सध्या त्या दुकानांतून मेथीचे नि सुंठीचेही दिसतात.

आणि रात्रीचा डबा! रात्री दोनला पाजून झालं की पोटात खड्डा पडतो, सगळं घर झोपलेलं असतं आणि टाके असताना स्वयंपाकघरात जाऊन डबे हुडकायचं त्राण नसतं. उशाशी डबा हवा. भाजलेले मखाणे, खजूर, एखादा लाडू, वर पाण्याची बाटली.

परळ_वॉर्ड:
मी बाळंतिणींच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून कळकळीने सांगते. सिझेरियन झालेल्या बाईच्या पोटाला मालिश करू देऊ नका. हातपाय, पाठ चालेल, तेही डॉक्टरांना विचारून. शेक-शेगडीची हौस असते घरच्यांना, पण बंद खोलीत ओव्याची धुरी केली तर तो धूर बाळाच्या छातीत जातो. आई आणि बाळ दोघांनाही मोकळी हवा हवी.

लोहाच्या नि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने, १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या एकत्र घेऊ नयेत आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर नाहीच. तिला सात खणांची गोळ्यांची डबी नेऊन दे. एका तासात पॅड पूर्ण भिजत असेल, ताप आला, टाक्यांतून पाणी यायला लागलं किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, तर वाट न बघता डॉक्टर गाठा.

सिझेरियननंतर दूध यायला कधी कधी तीन-चार दिवस जातात. नातेवाईक तेवढ्यात "दूधच नाही हिला" म्हणून मोकळे होतात आणि पोरीचं मन खचतं. पाजताना त्रास होत असेल तर स्तनपान सल्लागाराची एक भेट, ही तुझ्या पैशांतली सगळ्यात चांगली भेट ठरेल.

नवा_बाबा:
आमच्याकडे जुलैत बाळ झालं. वाळत घातलेली दुपटी तीन तीन दिवस दमट, घरात कुबट वास. बायको रात्री उठून पंख्याखाली कपडे उलटे करत बसायची, ते बघून मला फार वाईट वाटलं. शेवटी मी रोज सकाळी कपड्यांची पिशवी लॉन्ड्रीत देऊन ऑफिसला जायला लागलो. तुमच्या बजेटमध्ये महिन्याभराची लॉन्ड्री बसत असेल तर तीच द्या.

साने_गुरुजी_मार्ग:
जेवणाचं नीट बघा. सव्वा महिना मऊ भात, मेतकूट, तूप आणि पातळ वरण. तिखट, मासे काही नको.

वेसावकरीण:
ताई, राग मानू नका, पण मला तेच तेच जेवून रडू यायचं. आमच्याकडे बाळंतिणीला मुडदुशांचं कालवण देतात. हलका मासा, काटे सांभाळून मऊ भाताबरोबर, लसूण भरपूर. पहिला घास घेतला आणि मला माणसात आल्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल आणि ती खाणारी असेल तर तिला विचारा तरी. आयुष्यभर जे आवडीने खाल्लं ते एकदम बंद करून माणूस बरा कसा होणार?

परळ_वॉर्ड:
खरं आहे. ताजं, नीट शिजलेलं घरचं जेवण चालतं.

आणखी एक राहिलं. पहिल्या दहा-पंधरा दिवसांत उगाच रडू येणं बऱ्याच जणींना होतं. दोन आठवड्यांनंतरही तसंच राहिलं, बाळ झोपलं तरी हिला झोप लागत नसेल किंवा जिवाचं बरं-वाईट करण्याचं बोलली, तर डॉक्टरांशी बोला. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीतही बोलतात. आई नसलेल्या मुलीकडे जरा जास्तच लक्ष ठेव.

थोरली_डोंबिवली:
रविवार रात्र. आताच घरी आले.

थर्मास, दोन गाऊन, उशी, गोळ्यांची डबी आणि वीस अळिवाचे लाडू नेले. पहिला घाणा जरा कडक झाला, तो घरीच ठेवला. लाडू तोंडात टाकून ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आई जायफळ जास्त घालायची." म्हणजे तिलाही आठवतंय.

शनिवारी दुपारी पाजून झाल्यावर बाळाला मी घेतलं, सासूबाईंना म्हटलं तुम्हीही आडव्या व्हा, आणि दाराला बाहेरून कडी लावून जिन्यात बसले. दोन शेजारणी बघायला आल्या, त्यांना हात जोडून परत पाठवलं. ती अडीच तास झोपली. उठल्यावर मी तिला न्हाऊ घातलं, केस पुसले, थर्मासमधला चहा दिला. कप उलटा करून दाखवला तिने.

लॉन्ड्रीचं जावईबापूंना सांगितलंय, ते उद्यापासून देणार आहेत. मासे तर ती डोळे मिटून खाईल. मालाडला ताजी मुडदुशी कुठे मिळतील?

वेसावकरीण:
मढ-मार्वेकडच्या कोळणींना आदल्या दिवशी सांगून ठेवा. बाळंतिणीसाठी हवीत म्हणा, निवडून देतील.